अंदाजातला बर्फ आणि पायाखालचा बर्फ

डिसेंबर लागला की ओळखीपाळखीतून मला स्क्रीनशॉट यायला लागतात. हवामानाच्या कुठल्यातरी अ‍ॅपमध्ये गुलमर्ग टाकलेलं असतं, पुढच्या दहा-बारा दिवसांचे चौकोन, त्यातल्या दोन-तीन चौकोनांवर बर्फाची खूण, खाली २५ सेमी, ४० सेमी असले आकडे आणि त्याखाली प्रश्न, ताई ह्या तारखांना बुकिंग करू का, बर्फ मिळेल ना? मग मी उत्तर द्यायच्या आधी उलटे प्रश्न विचारते. हा अंदाज कितव्या दिवसाचा आहे? हे सेंटिमीटर कुठल्या उंचीचे? तुम्हाला बर्फ नुसता बघायचाय, मुलांना त्यात खेळू द्यायचंय, की वर अफरवट शिखराकडून स्की करत खाली यायचंय? बऱ्याच जणांना वाटतं मी उत्तर टाळतेय. पण तोच आकडा ह्या तिघांना तीन वेगळ्या गोष्टी सांगतो, आणि तिसऱ्या माणसासाठी तर तो जिवाशी येऊ शकतो, म्हणून हे एकदा सविस्तर लिहून ठेवतेय.

माझं माहेर निफाडकडचं, घरी द्राक्षबाग. त्यामुळे उत्तरेकडच्या हवेवर नजर ठेवायची सवय मला स्कीइंगच्या कितीतरी आधीपासूनची. वेस्टर्न डिस्टर्बन्स, पेपरात ज्याला पश्चिमी झंझावात म्हणतात, तो मी पहिल्यांदा ऐकला बागेतच. हा झंझावात तिकडे भूमध्य समुद्राच्या बाजूला जन्मतो, वरच्या थरातल्या पश्चिमी वाऱ्यांबरोबर इराण, अफगाणिस्तान ओलांडत येतो, वाटेत कॅस्पियन आणि अरबी समुद्राकडूनही बाष्प घेतो आणि काश्मीरची पीर पंजालची डोंगररांग आडवी आली की ते तिथे उतरवायला लागतो. हिवाळ्यात महिन्याला साधारण चार ते सहा येतात, सगळेच जोरदार नसतात, काही नुसते ढग दाखवून लडाखकडे निघून जातात. तो पुढे सरकला की त्याच्या मागोमाग उत्तरेचा कोरडा गार वारा खाली येतो आणि दोन-तीन दिवसांत निफाडचा पारा घसरतो, मग पहाटे बागेत शेकोट्या, पाणी सोडणं, मण्यांना तडे जातायत का ते बघत फिरणं. गुलमर्गला लोक ताज्या बर्फाचे फोटो टाकत असतात त्यानंतर लगेचच्या रात्री माझा भाऊ बागेत जागत असतो. एकच नकाशा आम्ही दोघं दोन कारणांनी उघडतो.

आणि दोघांनाही तो दरवर्षी सारखा वागत नाही हे माहितीये. २६ नोव्हेंबर २०२३ ला निफाड भागात अवकाळी आणि गारपीट झाली, तयार होत आलेल्या बागा झोपल्या. त्याच हिवाळ्यात पुढे जानेवारीत गुलमर्ग उघडं पडलं होतं, जिथे जाड बर्फ असायला हवा तिथे वाळलेलं पिवळं गवत, आणि ते फोटो देशभर फिरले. चिल्लई कलां म्हणजे काश्मीरचा २१ डिसेंबरपासूनचा ४० दिवसांचा कडक हिवाळा, ह्याच दिवसांत पडलेला बर्फ गोठून टिकतो आणि उन्हाळ्यात झऱ्यांना, नद्यांना पाणी देतो असं तिथले म्हातारे सांगतात, तो जवळजवळ अख्खा कोरडा गेला. बर्फ आला तो जानेवारी संपता संपता.

तर आता उंची. गुलमर्गचं नाव घेतलं की आपण एक ठिकाण समजतो, पण हवामानाच्या हिशोबात ती निदान तीन ठिकाणं आहेत. खालचं कुरण, जिथे हॉटेलं, गोल्फ कोर्स आणि शिकाऊ लोकांचे उतार आहेत, ते साधारण २,६५० मीटरवर. गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या केबल कारचा, पहिला टप्पा तुम्हाला कोंगडोरीला सोडतो, ते ३,०५० च्या आसपास. दुसरा टप्पा अफरवटच्या खांद्यावर साधारण ३,९५० मीटरपर्यंत नेतो आणि शिखर त्याच्याही वर. ह्या सगळ्याच्या खाली तंगमर्ग, जिथून गाडीला चेन लावून वर चढायचं, ते २,१०० ते २,२०० मीटरच्या मधलं. हवा वर जाताना साधारण दर हजार मीटरला साडेसहा अंशांनी थंड होते, म्हणजे खाली कुरणात उणे २ असेल तर गोंडोलाच्या वरच्या टोकाला उणे १० च्या आसपास, आणि त्याच वेळी तंगमर्गला शून्याच्या वर. एकाच ढगातून तंगमर्गला पाऊस, कुरणात ओला जड बर्फ आणि वर पावडर, म्हणजे कोरडा भुसभुशीत बर्फ, असं एकाच दुपारी होतं. स्कीवाल्यांच्या साइट्सवर म्हणूनच खालची, मधली आणि वरची अशी तीन उंचींची वेगळी पानं असतात आणि साध्या अ‍ॅपमध्ये फक्त एक आकडा असतो जो कुठल्या उंचीचा ते कोणी सांगत नाही.

ह्यात सगळ्यात कामाची ओळ म्हणजे फ्रीझिंग लेव्हल, शून्य अंशाची उंची. मी सेंटिमीटर बघायच्या आधी ती बघते. बर्फाचं पीस शून्याच्या रेषेखाली आलं की लगेच विरघळत नाही, साधारण दोनशे-तीनशे मीटर तरी तग धरतं, हवा कोरडी असेल तर अजून खाली येतं. म्हणजे फ्रीझिंग लेव्हल २,९०० दाखवत असेल तर पावसाबर्फाची सीमा बरोब्बर गुलमर्गच्या कुरणावर येऊन बसते आणि मग तिथे काय पडेल हे कोणीही छातीठोक सांगू शकत नाही, अर्धा अंश इकडे तिकडे झाला की सगळं चित्र बदलतं. तीच २,००० दाखवत असेल तर निवांत झोपा, तंगमर्गलाही बर्फ पडेल. डिसेंबरच्या सुरुवातीला आणि मार्चमध्ये ही रेषा खूप वरखाली होते, जानेवारीत ती बहुतेक खालीच असते, त्यामुळे जानेवारीत थंडीची काळजी कमी आणि झंझावात येईल की नाही ह्याची जास्त.

सेंटिमीटर येतात कुठून तेही एकदा समजून घ्यायला हवं. हवामानाचं मॉडेल मुळात पाणी मोजतं, मिलिमीटरमध्ये, जसं आपल्याकडे पावसाचं. मग कोणीतरी त्याला एका गुणोत्तराने गुणतं. ढोबळ नियम १ ला १०, म्हणजे २० मिमी पाण्याचा २० सेमी बर्फ. पण हवा उणे १० असेल तर पिसं हलकी, फांद्याफांद्यांची, एकमेकांत पोकळी ठेवून बसतात आणि तेच २० मिमी ३० सेमी होऊ शकतं. शून्याजवळ असेल तर ओलं चिकट होऊन १०-१२ सेमीच भरतं. एका अ‍ॅपवर १८ आणि दुसऱ्यावर ३५ दिसलं की लोक म्हणतात अंदाजात काही दम नाही, पण दोघांचं पाणी एकच असू शकतं, फक्त गुणणारा वेगळा. म्हणून मिलिमीटर दिसत असतील तर ते बघा, तापमान बघा आणि गुणाकार स्वतः करा, ह्याला काही पदवी लागत नाही.

आता मॉडेलची चौकट. अमेरिकन जीएफएस मॉडेल पृथ्वीचे साधारण १३ किलोमीटरचे चौकोन पाडतं, युरोपियन ९ किलोमीटरचे. गुलमर्गच्या गोंडोलाचे दोन्ही टप्पे मिळून लांबी भरते साधारण ५ किलोमीटर. म्हणजे हॉटेलपासून अफरवटच्या खांद्यापर्यंतचं अख्खं स्की क्षेत्र, तेराशे मीटरचा चढ, जंगल, घळी, उघडे कडे, हे सगळं मॉडेलच्या एका चौकोनात मावतं आणि त्या चौकोनाची उंची म्हणून तिथे एक सरासरी आकडा बसवलेला असतो. डोंगर बाष्पाला वर ढकलतो आणि वर ढकलल्यावर ते पडतं, हे महाबळेश्वर आणि वाई पाहिलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको, तासाभराच्या रस्त्यात धो धो पावसाचं कोरडं आभाळ होतं. पीर पंजालवर तसंच आहे, फरक इतकाच की इथे तो खेळ पाच किलोमीटरच्या आत चालतो. त्यामुळे मॉडेलने १५ सेमी म्हटलं आणि वर ४० पडला, किंवा ४० म्हटलं आणि वाऱ्याची दिशा जराशी फिरल्याने सगळा पलीकडच्या उतारावर पडला, ह्यात नवल काहीच नाही.

दिवसांचंही तसंच. तीन दिवसांपर्यंतचा अंदाज मी कामाचा धरते. पाच ते सात दिवसांवर फक्त एवढंच बघते की काहीतरी येतंय का, मोठं दिसतंय का. दहाव्या दिवसाचा सेंटिमीटरचा आकडा मी वाचतच नाही, आणि ज्या अ‍ॅपमध्ये दहाव्या दिवसालाही नेमका २७ सेमी लिहिलेला असतो ते अ‍ॅप मला पटत नाही. ह्यापेक्षा एन्सेम्बल बघा. युरोपियन केंद्र एकच मॉडेल सुरुवातीच्या परिस्थितीत बारीक बारीक बदल करून ५१ वेळा चालवतं, त्या ५१ रेघा जवळजवळ राहिल्या तर विश्वास ठेवावा, पंख्यासारख्या फाकल्या तर थांबावं. आलेख मोफत बघायला मिळतात आणि दोन दिवस सवय केली की वाचताही येतात. आपल्या हवामान खात्याची भाषासुद्धा नीट वाचली तर खूप सांगते, मान्सूनमध्ये आपण ऐकतोच, तुरळक ठिकाणी, काही ठिकाणी, बहुतांश ठिकाणी, ह्या प्रत्येकाला ठरलेला अर्थ आहे, तुरळक म्हणजे त्या भागातल्या पाव किंवा त्याहून कमी केंद्रांवर, बहुतांश म्हणजे तीन चतुर्थांशाहून जास्त. श्रीनगरच्या केंद्राने काश्मीरसाठी बहुतांश ठिकाणी मध्यम बर्फवृष्टी म्हटलं की मी बॅग भरायला काढते.

वाऱ्याबद्दल मात्र लोक विचारतच नाहीत आणि मला वाटतं तिथेच सगळं बिघडतं. पर्यटकाच्या बाजूने बघा, तुम्ही दोन दिवसांसाठी आलात, रात्रभर बर्फ पडला, सकाळी खाली कुरणात शांत, सुंदर, आणि काउंटरवर कळतं की दुसरा टप्पा बंद. लोक चिडतात, भांडतात, तिथल्या माणसांना वाट्टेल ते बोलतात. पण वर चार हजार मीटरला वारा असतो वेगळाच, केबिन झुलत असते, दिसत काही नाही, आणि शिवाय ताज्या बर्फाने लादलेले उतार सुरक्षित करायला स्की पेट्रोलच्या, म्हणजे उतारांवर गस्त घालणाऱ्या, लोकांना वेळ द्यावा लागतो. त्यामुळे अंदाजात वरच्या उंचीचा वारा बघायचा, खालचा नाही. मोठ्या वादळाच्या दिवशी वर जायचं स्वप्न ठेवूच नये, त्या दिवशी मजा खालच्या देवदार आणि फरच्या जंगलात असते, झाडांमध्ये दिसतंही आणि वाराही लागत नाही, खालच्या बाबा रेशी गावाच्या बाजूला उतरणाऱ्या जंगलातल्या वाटा त्यासाठीच स्कीवाल्यांच्या लाडक्या. वादळानंतरचा पहिला निळा दिवस सगळ्यांनाच हवा असतो, पण तो कधी धरायचा ह्याचं उत्तर तुमच्या सुट्टीकडे नसतं.

वारा दुसरंही काम करतो, बर्फ हलवतो. कोरडा बर्फ ताशी २५-३० किलोमीटरच्या वाऱ्यात उडायला लागतो, कड्याच्या एका बाजूचा खरवडून दुसऱ्या बाजूला, म्हणजे वाऱ्याच्या आडोशाला, नेऊन टाकतो. पश्चिमी झंझावातात वारा बहुतेक नैऋत्येकडून आणि गुलमर्गचे उतार साधारण ईशान्येकडे तोंड केलेले, म्हणजे आपण जिथून स्की करतो तीच आडोशाची बाजू. आकाशातून ३० सेमी पडलेला असताना कड्याच्या खाली मीटरभर साचलेला असू शकतो, आणि हा साचलेला बर्फ मऊ नसतो, तो दाबून बसवलेल्या फळीसारखा एकसंध थर असतो, विंड स्लॅब. वरून बघायला गुळगुळीत, मोह पाडणारा. हिमस्खलन ह्याच फळ्यांमधून निघतं, आणि बहुतेक वेळा ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर, जे नेमके स्कीइंगला सगळ्यात छान असतात.

इथून पुढे अंदाज संपतो आणि जमिनीवरच्या बर्फाचा इतिहास सुरू होतो. मला ह्या सगळ्या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं. आज काय पडणार हे अ‍ॅप सांगेल, पण ते कशावर पडणार हे गेल्या दोन महिन्यांत ठरलेलं असतं. समजा डिसेंबरात फुटभर बर्फ पडला आणि मग तीन-चार आठवडे आभाळ कोरडं राहिलं. जमिनीशी बर्फाचं तापमान शून्याच्या आसपास आणि वरच्या पृष्ठभागाशी रात्री उणे १५. एवढ्याशा जाडीत एवढा फरक असला की खालच्या बर्फातून वाफ वर सरकत राहते आणि कण बदलायला लागतात, फांद्या झडून कोनाकोनांचे, टणक, सुटे दाणे होतात, शुगर स्नो. मुठीत घेऊन दाबा, गोळा होत नाही, बोटांतून सांडतो. पातळ आणि थंड बर्फ दिसायला निरुपद्रवी, पण पुढे त्याच्यावर एकदम मीटरभर ताजा बर्फ येऊन बसला की ती सगळी इमारत दाण्यांवर उभी असते. पातळ, कोरड्या सुरुवातीनंतरचा मोठा बर्फ पर्यटकांना पर्वणी वाटतो आणि जाणकार मात्र त्याच दिवशी वरच्या उतारांवर पाय ठेवत नाहीत.

२०२४ चा क्रम बघा. जानेवारी कोरडा, मग फेब्रुवारीत जोरदार बर्फ, खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा सुरू, सगळीकडे आनंद, आणि २२ फेब्रुवारीला गुलमर्गच्या वरच्या भागात हिमस्खलन होऊन एक रशियन स्कीयर गेला, बाकीच्यांना बाहेर काढता आलं. त्याच्या आदल्या वर्षी १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवटवर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीयर गेले होते. ही परदेशी माणसं हौशीनवशी म्हणून आलेली नसतात, वर्षानुवर्षं डोंगरात काढलेली असतात. आणि ८ फेब्रुवारी २०१० ला तर लष्कराच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलच्या प्रशिक्षणातले १७ जवान इथेच हिमस्खलनात गेले, ज्यांचं काम आणि शिक्षणच बर्फातलं. हे मी घाबरवायला लिहीत नाहीये. मला गुलमर्ग इतकं आवडतं की तिथे जाणाऱ्या प्रत्येकाने परत यावं एवढंच वाटतं.

म्हणून बुलेटिन वाचा. संरक्षण खात्याची डीजीआरई ही संस्था, जी आधी सासे नावाने ओळखली जायची, हिमस्खलनाचे इशारे काढते आणि जम्मू-काश्मीरचं आपत्ती व्यवस्थापन ते जिल्हावार, उंचीसकट जाहीर करतं, बारामुल्ला जिल्ह्यात अमुक मीटरच्या वर मध्यम धोका, पुढचे २४ तास, अशा धर्तीवर. गुलमर्ग बारामुल्ला जिल्ह्यात येतं, त्यामुळे तो शब्द शोधायचा आणि मग उंची वाचायची. मध्यम ह्या शब्दाने माणूस सैल पडतो. जगभर पाच पायऱ्यांची जी पट्टी वापरतात तिच्यावरसुद्धा सगळ्यात जास्त माणसं दगावतात ती मधल्या, तिसऱ्या पायरीच्या दिवशी, कारण सगळ्यात वरच्या धोक्याच्या दिवशी कोणी बाहेरच पडत नाही आणि तिसऱ्या पायरीच्या दिवशी ऊन पडलेलं असतं. स्कीसाठी दाबून तयार केलेल्या उतारांच्या बाहेर जाणार असाल तर बीकन (गाडलेल्या माणसाचा सिग्नल शोधणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं आणि ते वापरता येणारा सोबती, हे चारही हवं, कारण गाडला गेलेला माणूस जिवंत सापडायची आशा पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत असते आणि तेवढ्यात खालून मदत पोहोचत नाही. आणि स्थानिक गाइड. ज्या काश्मिरी गाइडकडून मी शिकले तो सकाळी फोन बघायच्या आधी खिडकीतून झाडं बघतो. फांद्या बर्फाने वाकलेल्या असतील तर रात्री वारा नव्हता आणि थंडी टिकली. बर्फ पडूनही फांद्या मोकळ्या असतील तर एक तर वाऱ्याने झाडल्या किंवा ऊब आली, दोन्हीचा अर्थ वर जरा जपून. हल्ली हॉटेलांच्या वेबकॅमवर मीही पुण्यात बसून आधी झाडंच बघते.

सकाळी येणारे आकडे कसे वाचायचे तेही थोडक्यात. हवामान खातं २४ तासांचा हिशोब सकाळी साडेआठपर्यंतचा देतं, त्यामुळे आज गुलमर्गला २० सेमी ही बातमी बऱ्याचदा कालच्या दिवसाची असते. ताजा बर्फ आणि एकूण जाडी ह्या दोन वेगळ्या गोष्टी, तीन दिवस रोज २० पडला म्हणून जाडी ६० ने वाढत नाही, तो स्वतःच्या वजनाने बसतो. आणि जाडी कुठे मोजलीय ते विचारा, कुरणात दोन फूट आणि वर सात फूट असं असू शकतं. बघायला जाणाऱ्यांना कुरणातलीच पुरते, शिकाऊ उतारांवर फुट-दीड फूट दाबलेला बर्फ असला तरी पहिले धडे मस्त होतात, उलट नवशिक्यांना गुडघाभर पावडर म्हणजे पडून उठणं अशक्य. ज्यांना पहिल्यांदाच स्की पायात घालायच्यात त्यांनी मोठ्या बर्फवृष्टीची वाट बघूच नये, त्यानंतरच्या शांत, स्वच्छ, कडक थंडीच्या दिवसांत यावं.

मार्चचा बर्फ वेगळा आणि मला स्वतःला तोही फार आवडतो. दिवसा ऊन वरचा थर वितळवतं, रात्री आभाळ मोकळं असेल तर बर्फ आपली उष्णता वर सोडून देतो आणि हवा शून्याच्या किंचित वर असली तरी बर्फाचा पृष्ठभाग गोठतो. असं रोज होऊन होऊन मोठे गोल दाणे तयार होतात, कॉर्न. सकाळी आठला तो काचेसारखा टणक, दहा-साडेदहाला वरचा बोटभर थर सैल होतो आणि तेव्हाचा तासभर स्की लोण्यातून जाते, बारानंतर नुसता लगदा आणि ओल्या बर्फाचे उतार सुटायची वेळ. म्हणून मार्चमध्ये मी रात्रीचे ढग बघते. रात्र ढगाळ गेली तर बर्फ गोठलेलाच नसतो, मग सकाळीही वर जाण्यात अर्थ नाही, त्यापेक्षा कोंगडोरीला चहा पीत बसलेलं बरं. पूर्वेकडचे उतार आधी सैल होतात, पश्चिमेचे दुपारनंतर, उत्तरेकडच्या सावलीत फेब्रुवारीतला पावडर कधी कधी मार्च अर्धा उलटेपर्यंत शाबूत.

आता एक गोष्ट जी अंदाजाच्या चौकोनांमध्ये दिसत नाही. २०२५ मध्ये फेब्रुवारी आला तरी गुलमर्गला पुरेसा बर्फ नव्हता, २२ ते २५ फेब्रुवारीच्या खेलो इंडिया स्पर्धा पुढे ढकलाव्या लागल्या, मग महिना संपता संपता जोरदार झंझावात आला आणि ९ ते १२ मार्चला त्या झाल्या. स्पर्धेला पुढची तारीख देता येते. स्लेज ओढणारा माणूस, बूट आणि स्की भाड्याने देणारा दुकानदार, चेन लावून तंगमर्गहून वर गाडी आणणारा ड्रायव्हर, ह्यांचं तसं नसतं, त्यांचं वर्ष त्या दोन-अडीच महिन्यांवर असतं. जानेवारीत उघड्या गवताचे फोटो व्हायरल झाले की पुढच्या पंधरा दिवसांची बुकिंगं धडाधड रद्द होतात, आणि त्या पंधरा दिवसांत झंझावात येऊनही जातो. भावाच्या बागेत हेच मी बघत आलेय, एका रात्रीच्या हवेवर वर्षाचं गणित, म्हणून मला हे बाहेरून बघवत नाही.

तेव्हा माझं ज्यांना ज्यांना ऐकायचंय त्यांना मी असं सांगते. तारखा महिनाभर आधी धरायच्या असतील तर अंदाज बघूच नका, जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी अखेर ह्यातला काळ धरा आणि दोन रात्रींऐवजी चार-पाच रात्री ठेवा, वाऱ्याने गोंडोला बंद राहिला तरी एक दिवस मिळतोच. तीन दिवसांवर आलात की फ्रीझिंग लेव्हल, मिलिमीटर, वरचा वारा, ह्या क्रमाने बघा. श्रीनगर ते तंगमर्ग रस्ता आणि विमानं ह्यांचा वेगळा विचार करा, मोठ्या बर्फाच्या दिवशी विमानतळच बंद पडतो आणि तुमचा सगळ्यात सुंदर दिवस दिल्लीच्या टर्मिनलवर जातो. वर जाणार असाल तर बारामुल्लाचं बुलेटिन आणि गाइडचा शब्द, आणि तो नाही म्हणाला तर पैसे देऊन दुसरा हो म्हणणारा शोधू नका. आणि कुरण कोरडं दिसलं तर रद्द करायच्या आधी तिथे कोणाला तरी एक फोन करा, कोंगडोरीला काय आहे ते विचारा.